सार्जंट मेजर गांधी आणि आमचे हवालदार

अण्णांना बघायला जे गृहस्थ येऊ लागले त्यांना हाक काय मारायची, हा पहिले दोन दिवस आमच्या घरात प्रश्नच होता. दवाखान्यात पुरुष नर्सला 'ब्रदर' म्हणतात, म्हणून आईने एकदा 'अहो ब्रदर' म्हणून पाहिलं आणि तिचं तिलाच हसू आलं. ज्या एजन्सीने त्यांना पाठवलं होतं, तिच्या पावतीवर 'अटेंडंट' असं लिहिलेलं. गावाकडे लोक त्यांना 'कंपाउंडर' म्हणायचे. तिसऱ्या दिवशी अण्णांनीच, बोलायला त्रास होत असतानाही, विचारलं, "फौजेत काय होता?" ते म्हणाले, "हवालदार. आर्मी मेडिकल कोअर. नर्सिंग असिस्टंट." अण्णा म्हणाले, "मग हवालदार." तेव्हापासून ते आमचे हवालदार काका झाले.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. अकरा महिने कामशेतच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत, ते पलंगावर होते. मी घरून काम करत होतो. सगळ्यांना वाटायचं, बरं झालं, नातू घरातच आहे. खरं सांगायचं तर मी घरात होतो, त्या खोलीत नव्हतो. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पाठीखालची जखम मी पाहिली आणि मागच्या पडवीत जाऊन ओकलो. नंतर मी औषधं आणायचो, एअर बेडचा पंप बिघडला की दुरुस्त करायचो, लघवीच्या पिशवीचा हिशेब ठेवायला मोबाईलवर एक छोटंसं शीटसुद्धा करून दिलं. हात लावायचं काम मी केलं नाही.

ते काम हवालदार काका करायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीशी, टाचा गादीला टेकता कामा नयेत. जखम सलाईनने धुवायची, कोरडी करायची, मग पट्टी. हे सगळं करताना ते अण्णांशी बोलत राहायचे, आणि बोलणं कधी तब्येतीचं नसायचं. पवनेकाठच्या भाताचं, लोकल उशिरा आल्याचं, लखनौच्या थंडीचं. लखनौला आर्मी मेडिकल कोअरचं ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे ते अठराव्या वर्षी गेले होते. बंदूक चालवायला शिकले, आणि मग बेडपॅन द्यायला शिकले. "बंदुकीची परीक्षा सोपी होती," असं एकदा म्हणाले. १९९९ च्या उन्हाळ्यात ते श्रीनगरच्या बेस हॉस्पिटलात होते. त्याबद्दल मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

गेल्या पावसाळ्यात हवालदार काका वारले. अण्णा त्यांच्या आधी दोन वर्षं गेले होते. मी त्यांच्या दहाव्याला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाने पदकांची एक चपटी डबी दाखवली. घरातल्या कुणालाच कुठलं पदक कशाचं ते सांगता येईना. त्या दिवशी परत येताना डोक्यात एक साधा प्रश्न घेऊन आलो: सैनिक आणि शुश्रूषा करणारा माणूस, हे दोन्ही एकाच अंगात कसे राहतात? त्यावर वाचत गेलो, आणि फिरून फिरून अशा एका माणसापाशी पोचलो ज्याचा मी या संदर्भात कधीच विचार केला नव्हता. त्याच्याकडेही युद्धाची दोन पदकं होती. हुद्दा होता सार्जंट मेजर. नाव मोहनदास करमचंद गांधी.

आधी थोडं फौजेबद्दल, कारण हवालदार काकांचा हुद्दा कुठून आला हे मलाही माहीत नव्हतं. आपल्या मनात नर्स म्हणजे बाई. पण हिंदुस्थानातल्या लष्करी रुग्णालयांत शिकलेल्या नर्सेस यायला १८८८ साल उजाडलं. त्या वर्षी इंग्लंडहून दहा जणी मुंबई बंदरात उतरल्या, आणि आजची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आपला जन्म तिथपासून मोजते. त्याआधी आजारी शिपायाला बघायचा तो दुसरा शिपाईच. रेजिमेंटमधून कोणालातरी वॉर्डात ड्यूटीवर धाडायचं, तो जमेल तसं करायचा. जखमींना उचलून आणणारे डोलीवाले वेगळे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये या सगळ्यांना एकत्र करून इंडियन हॉस्पिटल कोअर झालं, आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये डॉक्टरांची सेवा आणि हे कोअर मिळून आर्मी मेडिकल कोअर. नर्सिंग ऑफिसर म्हणजे अजूनही बाईच असते. त्याच वॉर्डात तिच्या हाताखाली काम करणारा पुरुष नर्सिंग असिस्टंट. आमच्या लोणावळ्यातही याची एक शाखा आहे असं म्हणता येईल: आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे, आणि तिथे नौदलाचं 'कस्तुरी' नावाचं रुग्णालय आहे. लहानपणी लोकलमधून येता-जाता पांढऱ्या गणवेशातली पोरं दिसायची. ती सगळी जहाजाची इंजिनं शिकायला आली आहेत असंच मी धरून चाललो होतो.

आता गांधी. शुश्रूषेची सुरुवात त्यांच्याकडे युद्धाच्या कितीतरी आधी होते, आणि तीही एका अपराधापासून. 'सत्याचे प्रयोग' अण्णांच्या कपाटात होतं, शाळेत बक्षीस मिळालेली प्रत, पानं पिवळी पडलेली. वडील करमचंद भगंदराने अंथरुणाला खिळलेले. सोळा वर्षांचा मोहन शाळेतून आला की त्यांची जखम धुऊन बांधायचा, औषधं द्यायचा, रात्री पाय चेपायचा. एका रात्री काकांनी त्याला सुट्टी दिली, तो आपल्या खोलीत बायकोकडे गेला, आणि पाच-सहा मिनिटांत नोकराने दार ठोठावलं. वडील गेले होते. हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तो कामवासनेच्या अंगाने वाचतात, कारण गांधींनी स्वतःच तो तसा लिहिलाय. मला तो वाचताना वासना वगैरे काही दिसली नाही. मला ड्यूटी सोडून गेलेला मुलगा दिसला.

पुढे पाहिलं तर हा माणूस आयुष्यभर आजाऱ्यांच्या खाटेभोवती घुटमळताना दिसतो. १८९६ मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा बहिणीचा नवरा आजारी होता, त्याला राजकोटला आपल्या खोलीत ठेवून रात्री जागवल्या. तो वाचला नाही. डरबनला एक कुष्ठरोगी दारात आला, त्याच्या जखमा बांधल्या, काही दिवस घरी ठेवलं, आणि मग गिरमिटियांसाठीच्या सरकारी दवाखान्यात पाठवून दिलं. पाठवल्याची रुखरुख राहिली. मग डॉ. बूथ नावाच्या मिशनरी डॉक्टरच्या मदतीने एक लहान धर्मादाय दवाखाना निघाला, पैसा पारसी रुस्तमजींचा. चांगली चाललेली वकिली सांभाळून गांधी रोज सकाळी तास-दोन तास तिथे जायचे. रुग्णाची तक्रार ऐकायची, डॉक्टरला सांगायची, औषधं तयार करून द्यायची. थोडक्यात, कंपाउंडर.

देवदासच्या जन्माच्या वेळी, १९०० साली, सुईण वेळेवर मिळाली नाही तेव्हा बाळंतपणही स्वतः केलं. त्यासाठी बाळंतपणावरचं एक गुजराती पुस्तक आधी वाचून ठेवलं होतं. मॅन्युअल वाचून काम करणाऱ्या माणसाबद्दल मला, माझ्या धंद्यामुळे, थोडी आपुलकी वाटते हे कबूल करतो.

पण याच डरबनच्या घरातला दुसरा प्रसंगही सोडता येत नाही. घरी राहणाऱ्या कारकुनांच्या खोल्यांतली लघवीची भांडी नवरा-बायकोने उचलायची असा नियम गांधींनी केला. त्यातला एक कारकून पंचम समाजातल्या आई-बापांचा ख्रिस्ती मुलगा. कस्तुरबांनी ते भांडं उचललं, पण रडत. गांधींना ते रडणं चालेना; हसत उचललं पाहिजे. शेवटी हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं, घराबाहेर काढायला. कस्तुरबांनी लाज काढली तेव्हा शुद्धीवर आले. सेवा करणाऱ्या माणसाच्या अंगात ही एक जबरदस्ती असते: मी करतो तर तूही कर, आणि वर चेहरा हसरा ठेव. हवालदार काकांनी मला अकरा महिन्यांत एकदाही "ये, हात लाव" म्हटलं नाही. मी दारात उभा असायचो, ते मला कात्री किंवा चिकटपट्टी मागायचे. बस. तेव्हा मला त्याचं बरं वाटायचं. आता वाटतं, एकदा म्हणायला हवं होतं.

ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झालं. गांधींची सहानुभूती बोअरांकडे होती असं ते लिहितात, पण हक्क मागायचे ते ब्रिटिश प्रजाजन म्हणून, तर कर्तव्यही त्याच नात्याने करायचं, असा हिशेब. हिंदी लोक भित्रे, पैशामागे लागलेले, ही गोऱ्यांची टोचणी होतीच. तेव्हा अकराशे माणसांचं रुग्णवाहक पथक उभं राहिलं. सुमारे तीनशे स्वतंत्र हिंदी, बाकीचे गिरमिटिये मजूर. अकराशेतल्या बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत, हे इथेच नोंदवून ठेवतो. डॉ. बूथ त्यांच्याबरोबर होते.

पहिलं काम डिसेंबरात, कोलेन्सोच्या लढाईत. लॉर्ड रॉबर्ट्सचा मुलगा तिथे पडला, त्याला नेण्याचं काम या पथकाकडे आलं. पुढच्या महिन्यात स्पायन कोप. करार असा होता की हिंदी पथकाने गोळीबाराच्या टप्प्यात जायचं नाही. पण जखमी इतके झाले की जनरल बुलरने निरोप धाडला: तुम्ही बांधील नाही, पण आलात तर सरकार आभारी राहील. ते गेले. त्यानंतर रोज स्ट्रेचर खांद्यावर घेऊन वीस-पंचवीस मैल.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा नुसता पुढे गेलो. मग एकदा सहज मोजलं. पंचवीस मैल म्हणजे चाळीस किलोमीटर. कामशेतहून निघून लोणावळा, खंडाळा, बोरघाट उतरून खोपोली, आणि वर थोडं. खांद्यावर एक विव्हळणारा माणूस. त्याला धक्का लागता कामा नये. अण्णांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला आम्हाला चादरीची चार टोकं धरणारी चार माणसं लागायची, आणि तेवढ्या तीन फुटांतही ते ओरडायचे.

सहा आठवड्यांनी पथक बरखास्त झालं. पुढाऱ्यांना युद्धपदकं मिळाली. हे पदक नंबर एक.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गला फुप्फुसाचा प्लेग आला. सोन्याच्या खाणीवर काम करणारे तेवीस हिंदी एका संध्याकाळी आजारी होऊन वस्तीत परतले. मदनजीत व्यावहारिक नावाच्या धाडसी माणसाने एका रिकाम्या घराचं कुलूप फोडलं आणि त्यांना तिथे ठेवलं. गांधी सायकलवरून पोचले, डॉ. विल्यम गॉडफ्रे आले, गांधींच्या ऑफिसातले चार तरुण कारकून आले. ती एक रात्र त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीने एक गोदाम दिलं आणि एक नर्स पाठवली, बरोबर ब्रँडी, रोग्यांना द्यायला आणि स्वतःही घ्यायला. गांधींचा ब्रँडीवर विश्वास नव्हता. त्यांनी तिघांना, त्यांच्या संमतीने, ब्रँडी बंद करून डोक्याला-छातीला ओल्या मातीच्या पट्ट्या बांधल्या. त्यातले दोघे वाचले. गोदामातले बाकीचे वीस गेले. ती नर्सही काही दिवसांत त्याच रोगाने गेली. मातीने दोघे वाचले हे मला पटत नाही, तिघांच्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. पण गांधी त्यावर कायम अडून राहिले, आणि त्याचा हिशेब पुढे आमच्या पुण्यात व्हायचा होता.

आता दुसरं पदक. १९०६ मध्ये नाताळ सरकारने डोक्यामागे एक पौंडाचा कर लावला आणि झुलू लोकांत उठाव झाला, बंबाथाचा उठाव. गांधींनी पुन्हा पथक देऊ केलं, या वेळी फक्त चोवीस माणसं. चार गुजराती, एक पठाण, बाकी दक्षिणेतले पूर्वीचे गिरमिटिये. गांधींना तात्पुरता सार्जंट मेजरचा हुद्दा आणि गणवेश मिळाला.

तिथे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे युद्ध नाही, माणसांची शिकार चालली आहे. पथकाच्या वाट्याला आलेले बहुतेक जखमी लढाईत जखमी झालेलेच नव्हते. संशयावरून पकडून फटके मारलेले झुलू, ज्यांच्या पाठी फुटून पिकल्या होत्या. काही तर सरकारच्या बाजूचे, चुकून गोळी लागलेले. गोऱ्या परिचारकांना त्यांना हात लावायचा नव्हता. डॉक्टर एकटा पडला होता, हिंदी पथक आलेलं पाहून त्याला हायसं वाटलं. त्याने पट्ट्या आणि जंतुनाशक हाती दिलं. गोरे शिपाई कुंपणाच्या गजांमधून डोकावून बघायचे आणि या लोकांच्या जखमा बांधू नका म्हणून सांगायचे. ऐकलं नाही की शिव्या.

पाच-सहा दिवसांची, न धुतलेली, पिकलेली जखम. तिचा वास पट्टी सोडायच्या आधीच येतो हे मला आता माहीत आहे. गांधींनीही तो वास लिहून ठेवलेला आहे.

इथे आजच्या इतिहासकारांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. अश्विन देसाई आणि गुलाम वाहेद यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात गांधींना साम्राज्याचा स्ट्रेचर-वाहक म्हटलंय, आणि ते शीर्षकातच. त्यांचा मुद्दा असा की गांधी झुलूंच्या बाजूने गेले नव्हते, त्यांना मारणाऱ्या फौजेच्या गणवेशात गेले होते. आणि त्या काळात आफ्रिकी लोकांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वाचवत नाही. दोन्ही खरं आहे. पथक जखमींना घेऊन त्याच फौजेच्या मागे चालत होतं जी पुढच्या वस्तीत आणखी जखमी तयार करत होती. माझी अडचण एवढीच की मला ती पाठ डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. ती पाठ ज्याची होती त्याच्या दृष्टीने त्या दिवशी पट्टी बांधणाऱ्याच्या अंगावर कोणता गणवेश होता याला किती महत्त्व होतं? कदाचित फार. कदाचित त्याला ते हातच नको असतील. त्याचं म्हणणं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

महिनाभरात हेही पथक घरी आलं. त्या लांबलचक पायपिटीत गांधींनी ब्रह्मचर्याचा निश्चय केला. चरित्रकारांचं लक्ष सगळं तिकडेच जातं.

तिसऱ्यांदा त्यांनी युद्धात पथक दिलं ते १९१४ मध्ये लंडनला. नेटलीच्या लष्करी रुग्णालयात फ्रान्सहून जखमी हिंदी शिपाई येत होते. या वेळी अधिकाऱ्यांशी भांडण झालं, पुढारी कोणी नेमायचे यावरून, आणि वर गांधींनाच प्लुरसी झाली. ते देशात परतले. १९१५ मध्ये कैसर-इ-हिंद पदक मिळालं, तेही सेवेबद्दलच. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांनी सैन्यभरतीचा प्रचार केला, ज्याचं समर्थन मला अजूनही कुठे सापडलेलं नाही, आणि ते करताना अतिसाराने इतके आजारी पडले की मरतील असं वाटलं.

१ ऑगस्ट १९२० ला त्यांनी तिन्ही पदकं व्हाइसरॉयला परत पाठवून दिली. पंजाब आणि खिलाफत ही कारणं. त्यानंतर फौजेशी संबंध संपला. शुश्रूषा राहिली.

ही शुश्रूषा पुण्यातही दिसते, आणि दोन्ही बाजूंनी. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कैद्याला ॲपेंडिसायटिस झाला आणि ससूनमध्ये कर्नल मॅडॉकने ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात टाके घातले. ज्याचा आधुनिक वैद्यकावर विश्वास नाही असा माणूस, इंग्रज लष्करी डॉक्टरच्या सुरीखाली. मग १९४२, आगाखान पॅलेस. महादेव देसाई १५ ऑगस्टला अचानक गेले, त्यांचं शव गांधींनी स्वतःच्या हातांनी स्नान घालून पुसलं. आणि १९४४ चा फेब्रुवारी, कस्तुरबा. देवदासने खटपट करून पेनिसिलिन मिळवलं होतं, त्या काळात ते दुर्मीळ. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार म्हटल्यावर गांधींनी नको म्हटलं. २२ तारखेला त्या गेल्या. त्यांची अवस्था इतकी खालावलेली होती की औषधाने काय झालं असतं सांगता येत नाही. पण त्या नकाराजवळ मी थांबतो. आयुष्यभर जखमा बांधलेला माणूस, आणि सुई टोचू द्यायला तयार नाही. हवालदार काका हसले असते. त्यांचा सगळा विश्वास सुईवर आणि साबणावर.

तरीही मला ज्या एका दृश्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ते सेवाग्रामचं आहे.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, सत्याग्रही. येरवड्याला १९३२ मध्ये गांधींबरोबर कैदेत होते, पण वेगळ्या बराकीत, कारण त्यांना कुष्ठरोग झाला होता. भेटायला परवानगी मिळाली नाही, चिठ्ठ्या चालायच्या. सुटल्यावर ते ठिकठिकाणी फिरले, आणि १९३९ मध्ये सेवाग्रामच्या दाराशी येऊन थांबले. मला इथे मरू द्या एवढंच त्यांचं मागणं. (नावावरून गोंधळ नको: गांधींच्या खुनाच्या खटल्यात ज्यांचं नाव आलं ते ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे वेगळे. एकाच आडनावाची ही दोन माणसं गांधींच्या गोष्टीत दोन टोकांना उभी आहेत.)

कुष्ठरोगावर तेव्हा चौलमुग्राच्या तेलापलीकडे काही नव्हतं. सल्फोन औषधाचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत कारव्हिलला १९४१ मध्ये सुरू झाला. १९३९ मध्ये परचुरे शास्त्रींना ठेवून घेणं म्हणजे बऱ्या न होणाऱ्या, आणि लोकांच्या समजुतीप्रमाणे हात लावताच चिकटणाऱ्या, आजाराला घरात घेणं. आश्रमात बायका-मुलं होती. गांधींनी आश्रमवासीयांना विचारलं, आणि मग शास्त्रींसाठी आपल्या कुटीजवळच एक कुटी बांधून घेतली. ती अजून तिथे आहे, परचुरे कुटी म्हणूनच ओळखतात.

एक छायाचित्र आहे. शास्त्री बसले आहेत, गांधी वाकून त्यांच्या पायाशी. अंगावर पंचा, सत्तरीचे. बाहेर दुसरं महायुद्ध चालू आहे, व्हाइसरॉयची पत्रं येताहेत, काँग्रेसचे पुढारी भेटीला ताटकळत आहेत, आणि हे रोज ठरल्या वेळी येऊन जखमा बघतात, तेल लावून मालिश करतात. कुष्ठरोगाचं काम त्यांनी पुढे आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेतही घातलं. शास्त्रींना नंतर दत्तपूरला हलवलं, जिथे मनोहर दिवाण १९३६ पासून एकट्याने कुष्ठधाम चालवत होते. आज ३० जानेवारी हा देशात कुष्ठरोग निवारण दिन असतो, आमच्या शाळेत त्या दिवशी फक्त दोन मिनिटं उभं करायचे, हे दुसरं कोणी सांगितलं नाही.

ते छायाचित्र मी लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. बघायचं होतं ते हात कुठे आहेत. हवालदार काका अण्णांचा पाय उचलायचे तेव्हा एक हात पोटरीखाली आणि दुसरा टाचेखाली असायचा, बोटांनी कधी पकडायचे नाहीत, तळव्यावर पेलायचे. असं का, म्हणून मी विचारलं होतं. "बोटं रुततात. कातडी कागदासारखी झालेली असते. आणि पेशंटला कळतं ना, आपल्याला धरलंय का उचललंय."

छायाचित्रात ते नीट दिसत नाही. फोटो जुना आहे.

अण्णा गेले ती रात्र मंगळवारची होती. आमच्या सिस्टीमवर काहीतरी कोसळलं होतं, साडेदहापासून मी शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कॉलवर होतो. बारा जण, चार देशांतले. साडेबाराच्या सुमारास हवालदार काकांनी दार वाजवलं असावं, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी आत येऊन खांद्यावर हात ठेवला. मी बोट वर करून एक मिनिट म्हणून खूण केली. त्यांनी हात तसाच ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हेडफोन काढला.

खोलीत गेलो तेव्हा अण्णांचे डोळे मिटलेले होते, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल नीट लावलेला. नळी काढलेली. ते म्हणाले, "आईला मी उठवतो. तुम्ही या इकडे." मग तांब्यात कोमट पाणी आणलं, पंचा ओला करून पिळला आणि माझ्या हातात दिला. "तोंडापासून. मग मान. घाई नाही."

मी पुसू लागलो. त्यांनी एकदाच, मी मनगट धरलं तेव्हा, माझी बोटं सोडवून तळवा खाली सरकवला.